बारावीनंतर कोल्हापुरात बी.कॉम. आणि सी.ए. : सुरुवात कुठून करायची

बारावीचा निकाल लागला की आठवडाभरात ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. गडहिंग्लज, आजरा, राधानगरी, कुठून तरी एखादे काका विचारतात, "पोरगी ऑडिटची डिग्री करायची म्हणत्या. कोल्हापुरात कुठल्या कॉलेजात हाय?" दरवेळी मला तेच सांगावं लागतं की काका, अशी डिग्री आपल्याकडं नाही.

काही देशांत विद्यापीठाची पदवी हातात पडली की माणूस थेट लेखापाल म्हणून सही करू शकतो. आपल्याकडं पदवी विद्यापीठ देतं आणि सहीचा अधिकार दुसरीच संस्था देते. बी.कॉम.ची पदवी इथल्या मुलांना शिवाजी विद्यापीठाची मिळते. कंपनीच्या ताळेबंदावर किंवा टॅक्स ऑडिटच्या अहवालावर सही करायची, तर इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाचं सदस्यत्व आणि प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र लागतं. ही संस्था १९४९ च्या कायद्यानं उभी राहिली, १ जुलैला. म्हणून १ जुलै हा सी.ए. दिवस. बी.कॉम.ला डिस्टिंक्शन मिळवलेला मुलगासुद्धा ऑडिट रिपोर्टवर सही करू शकत नाही, आणि हे त्याला कधी कधी भाग तीनला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, गेल्यावर कळतं. एवढा उशीर होऊ नये म्हणून हा लेख.

मी स्वतः गारगोटीकडचा, मराठी माध्यमाचा. सी.ए. झालो, पण सरळ रेषेत नाही. तेव्हा जिथं जिथं ठेच लागली तिथं जरा जास्त वेळ थांबणार आहे.

आधी रस्ता ठरवा, मग कॉलेज

दोन्ही गोष्टी बरोबर चालू ठेवायच्या (सकाळी कॉलेज, उरलेला दिवस सी.ए.), की आधी निवांत बी.कॉम. आणि मग सी.ए.? दोन्ही रस्ते खुले आहेत. सी.ए.च्या पायऱ्या तीन: फाउंडेशन, इंटरमीडिएट आणि फायनल. बारावीनंतर जायचं तर फाउंडेशनची परीक्षा द्यावी लागते. पदवीनंतर जायचं तर वाणिज्य शाखेला ५५ टक्के, इतर शाखांना ६० टक्के असले की फाउंडेशन माफ, थेट इंटरमीडिएटला नोंदणी होते.

माझं मत विचाराल तर अकरावी-बारावी कॉमर्स केलेल्यांनी बरोबरच सुरू करावं. आता आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए.च्या हाताखालची उमेदवारी, दोन वर्षांची झाली आहे, आमच्या वेळी तीन होती. सगळं जुळलं तर पदवीनंतर वर्ष-दीड वर्षात फायनलला बसता येतं. बारावी सायन्स किंवा आर्ट्सवाल्यांनी मात्र पहिले सहा महिने फक्त अकाउंट्सची ओळख करून घेतली तरी काही बिघडत नाही. बी.कॉम.ला सायन्सवाल्यांनाही प्रवेश मिळतो आणि गणिताची भीती नसल्यानं ती मुलं पुढं चांगली पळतात.

तिसराही एक रस्ता आहे, सहकाराचा. त्याबद्दल शेवटी बोलू, कारण कोल्हापूर जिल्ह्यात तो रस्ता चांगलाच रुंद आहे.

प्रवेश आणि कागदपत्रं

निकालाच्या दिवशी पळापळ करण्यापेक्षा मे महिन्यातच फाइल तयार ठेवा. दहावी-बारावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, रहिवासी दाखला, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल त्यांना जातीचा दाखला व नॉन-क्रिमीलेअर. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून सेतूमार्फत निघतो आणि जूनमध्ये तिथं रांग असते. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे. कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर खुल्या प्रवर्गातल्या मुलांनीही राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती बघावी. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येतात. खातं जोडलेलं नाही म्हणून वर्षभर अडकलेली मुलं मी बघितली आहेत.

कॉलेज कुठलं? कोल्हापुरात नुसतं 'कॉमर्स कॉलेज' म्हटलं की रिक्षावाला देशभक्त रत्नाप्पा कुंभार कॉलेज ऑफ कॉमर्सलाच नेतो. त्याशिवाय विवेकानंद आहे, मुलींसाठी कमला आहे, आणखीही आहेत. स्वायत्त कॉलेजात अभ्यासक्रम आणि परीक्षेचं वेळापत्रक कॉलेज ठरवतं, पदवी मात्र विद्यापीठाचीच. नावापेक्षा दोन प्रश्न विचारा: कॉमर्सचे तास किती वाजता सुटतात? आणि अंतर्गत परीक्षा कधी असतात? सकाळचे तास असतील तर पुढं आर्टिकलशिपच्या वेळी जीव वाचतो, आणि तो कसा ते खाली सांगतोय. गेटवर उभं राहून भाग दोनच्या दोन मुलांना विचारा, माहितीपुस्तिकेपेक्षा खरं उत्तर मिळेल.

नव्या शैक्षणिक धोरणामुळं आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, क्रेडिट असे शब्द कानावर पडतील. घाबरायचं कारण नाही. मेजर, म्हणजे मुख्य विषय, अकाउंटन्सी मिळत असेल तर ती घ्या. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. सी.ए. करणाऱ्यानं चौथ्या वर्षाच्या नादी लागू नये असं मला वाटतं.

फाउंडेशन : तारीख चुकली की चार महिने गेले

फाउंडेशनची परीक्षा आता वर्षातून तीनदा होते: जानेवारी, मे-जून आणि सप्टेंबर. नोंदणी दहावीनंतरही करता येते, परीक्षा बारावीनंतर. नोंदणी आणि परीक्षा यांच्यात चार महिन्यांचं अंतर लागतं. म्हणजे बारावीनंतर लगेच मे-जूनला बसायचं असेल तर नोंदणी डिसेंबरातच उरका, बोर्डाच्या तोंडी परीक्षा सुरू व्हायच्या आत. "आधी बारावी होऊ दे, मग बघू" म्हणणाऱ्याचा पहिला नंबर सप्टेंबरलाही लागत नाही, तो जानेवारीत जातो.

चार पेपर, प्रत्येकी १०० गुण. अकाउंटिंग आणि बिझनेस लॉ हे लिहायचे, गणित-लॉजिक-सांख्यिकी आणि अर्थशास्त्र हे पर्याय निवडायचे. पर्यायाच्या पेपरात चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. पास व्हायला प्रत्येक पेपरात ४० आणि चारी मिळून २००. मराठी माध्यमाची मुलं इथंच हिशेब चुकवतात: प्रत्येक पेपरात ४२-४५ पाडले की झालं असं त्यांना वाटतं. ४५ गुणिले चार म्हणजे १८०, नापास. एखादा पेपर ६५ च्या पुढं नेल्याशिवाय गाडी सुटत नाही, आणि तो पेपर अकाउंटिंगच असावा.

भाषेचं स्पष्ट सांगतो. सी.ए.च्या परीक्षेला इंग्रजी किंवा हिंदी हे दोनच पर्याय आहेत, मराठी नाही. बी.कॉम.चे पेपर मराठीत लिहायची सवय लागली की सी.ए.चा लॉचा पेपर डोंगर वाटतो. उपाय साधा आहे: बी.कॉम.चेही पेपर पहिल्या सत्रापासून इंग्रजीत लिहा. पहिल्या सत्रात दहा मार्क कमी पडतील, पडू द्यात. मी हे भाग दोनला सुरू केलं आणि त्या एका वर्षाची किंमत मला पुढं इंटरला मोजावी लागली.

पुस्तकांवर पैसे घालायच्या आधी इन्स्टिट्यूटचं स्वतःचं स्टडी मटेरियल वाचा. ते संकेतस्थळावर फुकट आहे, मागच्या प्रश्नपत्रिका आणि सुचवलेली उत्तरंही आहेत. क्लास लावायचा तर फी हप्त्यानं भरा. राजारामपुरीतल्या एका क्लासला माझ्या वडिलांनी वर्षाची फी एकदम दिली होती. तिसऱ्या महिन्यात लॉचे सर सोडून गेले, परीक्षेपर्यंत दुसरे आले नाहीत, आणि पैसेही परत आले नाहीत.

अकाउंट्स शिकायचं ते घरच्या दूधबिलावर

आता मुद्द्याचं. अकाउंट्सचे नियम पाठ करून परीक्षा निघते, हाताला वळण लागत नाही. वळण लागायला खरा कागद हवा, आणि आपल्या जिल्ह्यात तो जवळपास प्रत्येक घरात आहे: दूधसंस्थेचं दहा दिवसांचं बिल.

समजा तुमच्या घरचं एका दहावड्याचं बिल असं आहे. दूध ९० लिटर, सरासरी दर ५० रुपये, एकूण ४,५०० रुपये. त्यातून पशुखाद्याच्या पोत्याचे १,५०० कापले, मागं घेतलेल्या उचलीचे ५०० कापले. खात्यावर जमा झाले २,५०० रुपये. आता तुम्ही संस्थेचे सचिव आहात. रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीत, काय लिहाल?

आर्टिकलशिपच्या पहिल्या महिन्यात आमच्या सरांनी मला हाच प्रश्न विचारला होता, एका गावातल्या दूधसंस्थेच्या ऑफिसात, लोखंडी कपाटाशेजारच्या बाकावर. मी तोऱ्यात सांगितलं, "दूध खरेदी नावे २,५००, बँक जमा २,५००." (नावे म्हणजे डेबिट, जमा म्हणजे क्रेडिट.) सर म्हणाले, "तेरीज जुळंल?" (तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स.) म्हटलं, जुळेल. "जुळंल की. चूक कुठं दिसणार मग?"

बरोबर नोंद अशी: दूध खरेदी नावे ४,५००. त्यासमोर पशुखाद्य येणे जमा १,५००, सभासद उचल जमा ५०० आणि बँक जमा २,५००. माझ्या नोंदीत खरेदी दोन हजारांनी कमी पडली, म्हणजे संस्थेचा नफा दोन हजारांनी खोटा फुगला. वर ज्या सभासदानं खाद्याचे पैसे फेडले आहेत तो वहीत अजून देणेकरी दिसतोय. एक बिल म्हणून किरकोळ वाटेल. दोनशे सभासद आणि वर्षाची ३६ बिलं धरा, ७,२०० नोंदी होतात. तरीही तेरजेच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर हा समज माझ्या डोक्यातून त्या बाकावर गेला.

त्याच बिलांत दुसरा धडा आहे. मार्चचं शेवटचं बिल २१ ते ३१ तारखेचं, म्हणजे अकरा दिवसांचं असतं आणि पैसे एप्रिलमध्ये पडतात. खर्च कुठल्या वर्षाचा? दूध मार्चमध्ये आलं, संघाला मार्चमध्ये गेलं, तेव्हा खर्चही मार्चचा. ३१ मार्चच्या ताळेबंदात ती रक्कम सभासदांना देणे म्हणून दिसली पाहिजे. पुस्तकात याला उपार्जनाची संकल्पना म्हणतात आणि अर्धा वर्ग ती पाठ करतो. तुम्ही अकरा दिवसांचं बिल लक्षात ठेवा.

रोज संध्याकाळी एक कागद घ्या: वडिलांचं खतबिल, साखर कारखान्याची ऊसबिलाची पट्टी, किराणा दुकानातली उधारीची वही. त्याची रोजकीर्द लिहा, खतावणी (लेजर) करा, महिन्याला तेरीज काढा. टॅलीवर नंतर या. टॅली शिकायला महिना पुरतो, पण नावे-जमा डोक्यात नसेल तर टॅली चूकसुद्धा टापटीप छापून देतं.

राहायचं कुठं

शंभराहून जास्त वर्षांपूर्वी शाहू महाराजांनी बाहेरगावच्या पोरांसाठी इथं समाजासमाजाची वसतिगृहं उभी करवली, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ चं. दसरा चौकातून चालत गेलात तर त्यातल्या काही जुन्या बोर्डिंगच्या इमारती अजून दिसतात. बोर्डिंगची, शासकीय वसतिगृहांची चौकशी आधी करा, खासगी खोलीचा विचार नंतर. एस.टी.नं येऊन-जाऊन करणार असाल तर विद्यार्थी पास काढा, पण जुलै-ऑगस्टचा हिशेब ठेवा. पंचगंगेला पाणी आलं की पन्हाळ्याकडची, शाहूवाडीकडची वाट बंद होते, आणि सप्टेंबरची परीक्षा त्याच्या तोंडावरच असते. त्या दोन महिन्यांसाठी शहरात कुणाकडं पथारीची सोय लावून ठेवा. अभ्यासाला शांत जागा हवी असेल तर करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० पासूनचं. शिवाय हल्ली गल्लोगल्ली अभ्यासिका झाल्या आहेत.

इंटर आणि आर्टिकलशिप

फाउंडेशननंतर इंटरची नोंदणी, त्यानंतर आठ महिन्यांचा अभ्यास. सहा पेपर, तीन-तीनचे दोन ग्रुप. पहिल्यात अकाउंट्स, कंपनी कायदा, टॅक्स आणि दुसऱ्यात कॉस्टिंग, ऑडिट, वित्त व व्यूहरचना. प्रत्येक पेपरात ३० टक्के गुण पर्यायी प्रश्नांना. एखाद्या विषयात ६० पडले आणि ग्रुप राहिला तरी त्या विषयाची सूट पुढच्या तीन परीक्षांपुरती टिकते. दोन्ही ग्रुप एकदम द्यायचे की एकेक? कॉलेज चालू असताना एकेक दिलेला बरा असं मी सांगतो. सगळे सी.ए. याच्याशी सहमत होणार नाहीत.

दोन्ही ग्रुप झाले, संगणक आणि ओरिएंटेशनचं प्रशिक्षण झालं की आर्टिकलशिप. त्या प्रशिक्षणाच्या बॅचची चौकशी इन्स्टिट्यूटच्या कोल्हापूर शाखेत करा. ऑफिस शोधताना पुण्या-मुंबईचं मोठं नाव की कोल्हापुरातलं दहा माणसांचं ऑफिस, यावर रात्रभर वाद घालता येईल. माझ्या मते लहान शहरातल्या ऑफिसात काम पसरट मिळतं: सकाळी शिरोलीच्या फाउंड्रीचा स्टॉक, दुपारी गुजरीतल्या सराफाचं जी.एस.टी., दुसऱ्या दिवशी हुपरीचा चांदी कारागीर किंवा इचलकरंजीचा यंत्रमागवाला. मोठ्या फर्ममध्ये वर्षभर एकाच कंपनीच्या एकाच खात्यावर टिक मारत बसलेले मित्र मला आहेत. विद्यावेतन मात्र कमी. किमान रक्कम इन्स्टिट्यूटनं शहराच्या लोकसंख्येनुसार ठरवलेली असते, त्यामुळं कोल्हापूरचा आकडा पुण्यापेक्षा खालीच राहतो.

मुलाखतीला जाताना बायोडेटाबरोबर हातानं लिहिलेल्या रोजकीर्दीची ती वही न्या. नव्वद टक्केवाल्यांच्या गर्दीत वही आणणारा एखादाच असतो.

रुजू झाल्यावर ३० दिवसांच्या आत आर्टिकलशिपच्या नोंदणीचे फॉर्म १०२ आणि १०३ भरले गेलेत ना, हे स्वतः बघा. "सर करतील" म्हणून बसू नका. बी.कॉम. अजून चालू असेल तर फॉर्म ११२ भरून परवानगी घ्यावी लागते, आणि कॉलेजची वेळ ऑफिसच्या वेळेत येता कामा नये. सकाळच्या तासांचं महत्त्व ते हेच. रजा दोन वर्षांत मिळून २४ दिवस. त्यातच भाग तीनच्या परीक्षा, फायनलचा अभ्यास आणि घरची लग्नं बसवायची. महिन्याच्या ११ तारखेला जी.एस.टी.आर.-१, २० ला ३बी (दोन्ही जी.एस.टी.ची विवरणपत्रं), आणि सप्टेंबर म्हटला की टॅक्स ऑडिट. त्या महिन्यात रजेचा अर्ज टेबलावर ठेवायची हिंमत आमच्यातल्या कुणाला झाली नव्हती.

सी.ए. जमलं नाही तर, किंवा करायचंच नसेल तर

फायनलपर्यंत सगळे पोचत नाहीत आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कारखानदारीची आवड असेल तर कॉस्ट अकाउंटंट, म्हणजे सी.एम.ए., हा पर्याय बघा. कोल्हापूर-सांगलीचा त्यांचा चॅप्टर आहे. भट्टीत भंगार आणि पिग आयर्न घातलं, वितळताना घट किती आली, एका कास्टिंगला वीज किती लागली, हा हिशेब करणारा माणूस फाउंड्रीला कायम लागतो.

आणि सुरुवातीला म्हटलेला सहकाराचा रस्ता म्हणजे जी.डी.सी. अँड ए. (गव्हर्नमेंट डिप्लोमा इन को-ऑपरेशन अँड अकाउंटन्सी). राज्याचं सहकार खातं ही पदविका परीक्षा घेतं. कुठल्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, १०० गुणांचे सहा पेपर. ही परीक्षा आणि अनुभव असला की प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून सहकारी संस्थांच्या ऑडिटच्या नामतालिकेवर नाव लावता येतं. दूधसंस्था, पतसंस्था, विकास सेवा सोसायट्या, पाणीपुरवठा संस्था, गृहनिर्माण संस्था: १९६० च्या सहकार कायद्यानं प्रत्येकीचं ऑडिट दरवर्षी व्हावंच लागतं, आणि आपल्या जिल्ह्यात एका गावात अशा तीन-चार संस्था सहज निघतात. अहवालाच्या शेवटी अ, ब, क, ड असा वर्ग देणारा तो ऑडिटर. त्या अक्षरासाठी गावातला चेअरमन रात्री झोपत नाही.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या ऑडिटरला, तो सी.ए. असला तरी, मराठीचं कामापुरतं ज्ञान असलं पाहिजे हे कायद्यातच लिहिलेलं आहे. संस्थेचं प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, मराठीत असतं, ठराव मराठीत असतात, आणि सचिवांचं अक्षर लागायला वेगळाच सराव लागतो. माझ्याबरोबर आर्टिकलशिपला एक मुलगा इंग्रजी माध्यमाचा होता, फायनलला माझ्यापेक्षा सत्तर मार्क जास्त पाडलेला. सोसायटीच्या ऑडिटला गेलो की तो कॅल्क्युलेटर घेऊन बसायचा, आणि प्रोसिडिंग बुक मोठ्यानं वाचून दाखवायचं काम माझ्याकडं असायचं.